कचेरीतील दुभाषी

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जो कारभार चालतो तो पाहणाऱ्याला सर्वस्वी कागदाचा वाटतो; मुद्रांक, नकला, सूची क्रमांक दोनचे उतारे, अंगठ्यांचे ठसे आणि शिक्के यांचीच तेथे सत्ता असावी, अशी आपली समजूत असते. परंतु ज्याने त्या कचेरीतील बाकावर अर्धा दिवस काढला आहे त्याच्या ध्यानात येते की, या साऱ्या कागदांचे प्राण अखेर एका तोंडी प्रश्नोत्तरात आहेत. दस्त कितीही रीतसर लिहून आणला, मुद्रांक पुरेपूर भरला, सह्या जागच्या जागी झाल्या, तरी १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे अधिकाऱ्याला लिहून देणाराची ओळख पटवून घ्यावी लागते आणि दस्त आपणच करून दिल्याची कबुली त्याच्याकडून मिळवावी लागते. हा प्रश्न बोलून विचारला जातो आणि उत्तरही बोलूनच यावे अशी अपेक्षा असते. तेव्हा ज्या इसमाला जन्मापासून ऐकू येत नाही, तो या टेबलापुढे उभा राहिला म्हणजे कबुली या शब्दाला कितपत अर्थ उरतो, हे प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला एका तालुक्याच्या गावी ओळख देणाऱ्या साक्षीदाराच्या नात्याने आला.

प्रकरण साधे होते. आमच्या जुन्या शेजाऱ्यांचे राहते घर वडिलांच्या पश्चात दोन भाऊ आणि एक बहीण यांच्या नावे लागलेले. त्यातील बहिणीने आपल्या हिश्शाचे हक्कसोडपत्र थोरल्या भावाच्या लाभात करून द्यावयाचे. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात सुधारणा होऊन मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची वाटेकरी झाली, तेव्हापासून अशा हक्कसोडपत्रांना कचेऱ्यांतून तोटा नाही. या प्रकरणी वेगळे एवढेच की, लिहून देणाऱ्या ताई जन्मतः कर्णबधिर होत्या आणि त्यांनी स्वतःच व्हिडिओ कॉल करून जिल्ह्याच्या ठिकाणाहून भारतीय सांकेतिक भाषेच्या एका दुभाषीबाईंना बोलावून घेतले होते. ‘मी असताना बाहेरचं माणूस कशाला?’ असे भावाच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले दिसत होते. पण तो काही बोलला नाही.

पहिली अडचण टेबलापर्यंत पोहोचण्याच्या आधीच उभी राहिली. कचेरीतला शिपाई दारात उभा राहून टोकनाचे आकडे पुकारीत होता आणि भिंतीवरचा आकडे दाखविणारा फलक बंद पडलेला होता. ऐकू येणाऱ्या माणसाला पुकारा कानावर पडेपर्यंत डोळे मिटून बसता येते, वर्तमानपत्र वाचता येते, शेजाऱ्याशी गप्पा मारता येतात. ताईंना मात्र तेवढा वेळ शिपायाच्या तोंडावरून नजर काढता येत नव्हती. दुभाषीबाई येताच त्यांनी पहिले काम केले ते हे की, शिपायाला आमचा आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला आणि पाळी आली म्हणजे तो कागद वर करून दाखवा, असे सांगितले. शिपायाने ते आनंदाने केले. या सोयीला एक कागद आणि एक पेन एवढाच खर्च आला.

पाळी येण्यापूर्वीचा वेळ बाईंनी ताईंशी हातांनी गप्पा मारण्यात घालविला. शाळा कोणती, वसतिगृहात किती वर्षे, यजमान काय करतात, शिवणकाम कसे चालले आहे. मला हा शिष्टाचाराचा भाग वाटला. बाईंनी नंतर खुलासा केला की ते त्यांच्या कामाचे पहिले अंग होय. सांकेतिक भाषा गावोगावी, शाळेशाळेगणिक थोडी बदलते. कोणी घरच्या खुणा मिसळतो, कोणी बोटांनी इंग्रजी अक्षरे जुळवून नावे सांगतो, आणि समोरच्या माणसाचे हात कोणत्या वळणाचे आहेत हे पाच-दहा मिनिटांच्या संभाषणावाचून कळत नाही. ताईंची शाळा जुन्या मौखिक पद्धतीची होती. मिलान येथे १८८० साली भरलेल्या बधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने वाणीच्या शिक्षणाचा पुरस्कार करून खुणांना वर्गाबाहेर घालविले, आणि त्या ठरावाची सावली पुढे शंभर वर्षे जगभरच्या शाळांवर पडून राहिली. ताईंच्या वर्गातही हात मांडीवर ठेवून ओठांकडे पाहावे लागे. भाषा त्या शिकल्या त्या संध्याकाळी, वसतिगृहातील मोठ्या मुलींकडून.

आत गेल्यावर बाईंनी बसण्याची व्यवस्था बदलली. साहेबांची खुर्ची खिडकीला पाठ करून होती, त्यामुळे समोरच्याला त्यांचा चेहरा काळोखा दिसे. बाईंनी विनंती करून खिडकीचा पडदा ओढून घेतला, वरचा दिवा लावला आणि स्वतः साहेबांच्या खांद्यालगत, किंचित मागे उभ्या राहिल्या, म्हणजे ताईंना एकाच दृष्टिक्षेपात साहेबांचा चेहरा आणि बाईंचे हात दोन्ही दिसावेत. अंगात गडद निळा, बिनफुलांचा कुडता. हातांत ना बांगडी, ना अंगठी. कापडावरील नक्षी आणि धातूची चमक यांमुळे बोटे वाचणाऱ्याचे डोळे थकतात, असे त्यांनी सांगितले. साहेबांनी बाईंकडे पाहून विचारले, “यांनी दस्त वाचलाय का, विचारा यांना.”

“साहेब, आपण त्यांच्याकडे बघून त्यांनाच विचारा,” बाई नम्रपणे म्हणाल्या. “मी मधे नाहीच असं समजा. त्या जे सांगतील ते मी ‘मी’ म्हणूनच बोलेन.”

येथे भावाला राहवले नाही. “साहेब, लहानपणापासून मीच सांगतो हिला सगळं. ओठ बघून बरोब्बर ओळखते ती.” तो खोटे बोलत नव्हता, घरातील रोजची ठराविक वाक्ये ताई ओठांवरून ओळखीत असतही असतील. परंतु ओठ वाचण्याच्या विद्येची मर्यादा मराठी बोलणाऱ्या कोणालाही आरशासमोर उभे राहून पडताळता येईल. प, ब, भ आणि म ही चारही अक्षरे उच्चारताना ओठ सारखेच मिटतात. क, ख, ग, घ घशाजवळ उमटत असल्यामुळे बाहेर दिसतच नाहीत. यास्तव ‘भाग’, ‘माग’ आणि ‘बाग’ हे तीन शब्द ओठांवर एकच होतात. घराच्या वाटणीविषयी बोलणे चालले असता भावाने बहिणीला ‘तुझा भाग’ म्हटले की ‘तू माग’ म्हटले, हे ज्या विद्येने निश्चित करता येत नाही, तिच्यावर मिळकतीचा हक्क सोडून देण्याचा व्यवहार कसा सोपवावा?

“मग वाचू द्या ना त्यांना, दहावी शिकल्यात,” असे संगणकावर बसलेला मुलगा म्हणाला. ही सूचनाही सद्धेतूचीच. पण दस्ताची भाषा अशी की ‘सदरहू मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा, हक्क, हितसंबंध मी राजीखुशीने, कोणत्याही दडपणावाचून, कायमचा सोडून दिला असे’ हे वाक्य ऐकू येणारा पदवीधरही एकदा वाचून थांबतो. ज्याच्या कानावर मराठी कधी पडलीच नाही त्याला लिखित मराठी ही पुस्तकांतून कष्टाने मिळविलेली दुसरी भाषा असते. तिच्यात तो दुकानाची पाटी, बसचा फलक, मोबाइलवरील निरोप सहज वाचील, दस्ताच्या गुंतागुंतीत मात्र वाट चुकेल.

त्यानंतर जे घडले ते पाहण्यासारखे होते. साहेबांनी दस्ताचा मुख्य परिच्छेद सावकाश वाचला. बाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला, क्षणभर थांबल्या आणि मग हात उचलले. त्यांनी आधी काळ सांगितला, कारण या भाषेत काळ वाक्याच्या आरंभी येतो. मग समोरच्या मोकळ्या जागेत घर उभे केले, त्याच्या वर वडिलांना ठेवले, ते वारले असे दाखविले आणि खाली तीन ठिकाणी तीन भावंडे मांडली. पुढच्या साऱ्या संभाषणात ती तीन स्थाने हललीच नाहीत. ताईंच्या वाट्याची जागा म्हणजे बाईंच्या डाव्या खांद्यासमोरची, थोरल्याची उजवीकडची, धाकट्याची मधली. घराचे तीन सारखे भाग झाले. डावीकडचा भाग दोन्ही तळहातांनी उचलला गेला आणि उजवीकडे नेऊन ठेवला गेला. पैसे, शून्य. उद्या, पुढच्या वर्षी, म्हातारपणी परत, नाही. शेवटी भुवया उंचावून, मान किंचित पुढे करून प्रश्न विचारला गेला. हो-नाहीचा प्रश्न या भाषेत भुवयांनीच ओळखायचा असतो, हात तेच राहिले तरी भुवया खाली असल्या तर ते विधान होते.

ताईंनी मान हलविली. साहेबांनी “झालं तर मग” असे म्हणून अंगठ्याचे यंत्र पुढे सरकविले. बाईंनी त्यांना थांबविले. या कामातील सर्वांत धोक्याचा क्षण त्यांच्या मते हाच. कर्णबधिर माणूस मान हलवितो ती पुष्कळदा ‘सांगत राहा, मी पाहतो आहे’ एवढ्याच अर्थाने; शिवाय आयुष्यभर ‘कळलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सुटका करून घेण्याची सवय त्याच्या अंगवळणी पडलेली असते. म्हणून बाईंनी साहेबांना सुचविले की, कळले का असे न विचारता, या कागदाने काय होणार ते तुम्हीच मला सांगा, असे विचारावे. साहेबांनी तसे विचारले.

ताईंचे हात वेगाने चालू लागले आणि बाईंचा आवाज त्यांच्यामागून येऊ लागला: “वडिलांचं नाव जाऊन आम्हा तिघांचं लागलं, त्याचा हा कागद असं मला वाटलं होतं. आता कळलं की माझं नाव जाणार. दादानं आईचं सगळं केलंय, मी त्याला देईन. पण मागची खोली? यजमानांची गिरणी बंद पडली तर आम्ही तिथेच यायचं ठरवलंय. ते कागदात आहे का?”

ते कागदात नव्हते. भाऊ थक्क झाला. त्याने फसविले नव्हते, बहिणीला हे सारे ठाऊकच आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्या दिवशी दस्त नोंदला गेला नाही. वकिलांनी मसुदा बदलला, मागची खोली आणि तिच्याकडे जाणारी वाट वगळून उरलेल्या हिश्शाचे हक्कसोडपत्र तयार केले आणि पुढील तारखेस, बाईंच्याच उपस्थितीत, त्याची कबुली होऊन नोंद झाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे तेरावे कलम याच प्रसंगासाठी लिहिले असावे असे वाटते. मिळकतीच्या व्यवहारात मदत करणाऱ्या व्यक्तीचे हित आणि दिव्यांग व्यक्तीचे हित यांत विरोध उत्पन्न झाला, तर त्या मदतनीसाने त्या व्यवहारापुरते दूर राहावे, असे ते कलम सांगते; मात्र केवळ रक्ताचे नाते आहे एवढ्यावरून असा विरोध गृहीत धरू नये, असेही ते तितक्याच समजुतीने नमूद करते. साक्षीच्या कायद्यातही २०१३ सालच्या दुरुस्तीने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची जबानी दुभाषीच्या साहाय्याने घेण्याची आणि तिचे चित्रमुद्रण करण्याची तरतूद झाली. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाषीच्या साहाय्याने उभ्या राहिल्या, हेही वाचकांना स्मरत असेल.

कायदा आहे; उणीव आहे ती माणसांची. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली ती २०१५ साली. तिने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश सिद्ध केला, ज्यात कायद्याचे आणि कारभाराचे शब्दही आहेत. मुंबईला वांद्रे येथे १९८३ पासून श्रवणदोष असलेल्यांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. आमच्या प्रकरणातील दुभाषीबाई म्हणजे कर्णबधिर आईबापांची ऐकू येणारी मुलगी. भाषा घरातच शिकल्या आणि मग रीतसर अभ्यासक्रम पुरा केला. तरीही अशा प्रशिक्षित दुभाषीला बोलवावयाचे तर बहुतेक तालुक्यांतून जिल्ह्याकडे पाहावे लागते. वीस-एक मिनिटांनंतर हात आणि मेंदू दोन्ही थकतात म्हणून मोठ्या कामाला दोघांनी आळीपाळीने उभे राहावे, असा या व्यवसायाचा दंडक आहे. त्या दिवशी बाई सबंध वेळ एकट्या होत्या.

जो कोणी टेबलामागे बसतो, मग तो बँकेतील रोखपाल असो, दवाखान्यातील परिचारिका असो की तलाठी, त्याला माझी विनंती आहे की, समोर कर्णबधिर माणूस आला तर तोंडावर उजेड पडेल असे बसावे, सोबत्याशी न बोलता त्याच्याशीच बोलावे, आकडे आणि तारखा लिहून द्याव्यात आणि सही घेण्यापूर्वी काय समजले ते त्याच्याकडूनच सांगवून घ्यावे. आणि जेथे व्यवहार हक्काचा, देहाचा किंवा स्वातंत्र्याचा आहे तेथे दुभाषीवाचून पुढे जाऊ नये. त्या दस्ताचा मुद्रांक आणि नोंदणी फी भावाने भरली. दुभाषीबाईंचे दोन्ही वेळचे मानधन आणि एस. टी. चे भाडे ताईंनी शिवणाच्या कमाईतून दिले. कबुली घेण्याची जबाबदारी कायद्याने कचेरीवर टाकलेली असल्यामुळे हा खर्च कचेरीनेच सोसला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.