प्रेक्षकाचा अभिप्राय: ताऱ्यांपासून अंगठ्यापर्यंत

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला 'कसा होता?' असे विचारले असता मिळणारे उत्तर हा भाषाव्यवहाराचा एक जुना व साधा प्रकार होय. त्यात सांगणारा असतो, ऐकणारा असतो, आणि दोघांना परस्परांची आवड थोडीफार ठाऊक असते. 'बरा आहे' या दोन शब्दांचे वजन ते कोणी उच्चारले यावर ठरते. इंटरनेटवरून घरोघर चित्रपट व मालिका पुरविणाऱ्या सेवांनी, म्हणजे ज्यांना सामान्यतः स्ट्रीमिंग सेवा म्हणतात त्यांनी, हा व्यवहार आपल्या अंगणात आणला. पुढे त्याचे काय झाले हे नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीच्या इतिहासावरून चांगले कळते. अभिप्रायासाठी तिने शब्द, तारे आणि अंगठा अशी तीन साधने वापरली. पैकी पहिली दोन टाकून दिली.

कंपनी १९९७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली आणि १९९८ पासून टपालाने डीव्हीडी भाड्याने देऊ लागली. दुकानात गिऱ्हाइकाला गल्ल्यावरचा माणूस काही सांगू शकतो. टपालाच्या पाकिटाला ती सोय नाही. ही उणीव सभासदांच्या अभिप्रायाने भरून काढण्यात आली. सभासदाने एक ते पाच तारे द्यावेत, आणि इच्छा असल्यास परीक्षणही लिहावे, अशी योजना होती. प्रत्येक ताऱ्याला एकेक शब्दार्थ जोडलेला असे. दोन तारे म्हणजे 'आवडला नाही' आणि तीन म्हणजे 'आवडला'. अर्थात मधला आकडा येथे मध्यम मताचा निदर्शक नव्हता. तो पसंतीच्या बाजूचा होता. आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो, तो संकेताने येतो, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको.

याहून मोठा घोटाळा वाचणाऱ्याच्या बाजूस होता. चित्रपटाच्या नावाखाली दिसणारे लाल तारे म्हणजे सर्व प्रेक्षकांच्या मतांची सरासरी, असा अनेकांचा समज असे. वस्तुतः 'आपण हा चित्रपट पाहिलात तर बहुधा इतके तारे द्याल' असे कंपनीच्या गणकयंत्राने वर्तविलेले ते भाकीत होते. त्यामुळे एकाच चित्रपटाखाली दोन घरांत भिन्न तारे दिसू शकत. देणाऱ्याच्या हातून निघताना जे मत होते, ते दुसऱ्याच्या पडद्यावर पोहोचेपर्यंत त्याच्याच स्वभावाविषयीचे अनुमान बनलेले असे. चिन्ह तेच राहिले. उक्ती मात्र बदलली, आणि ती बदलल्याचे वाचणाऱ्याला कळले नाही.

हे भाकीत सुधारण्यासाठी कंपनीने ऑक्टोबर २००६ मध्ये दहा लाख डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले. तिच्या तत्कालीन पद्धतीपेक्षा अचूकता १० टक्क्यांनी वाढविणे ही अट होती. स्पर्धकांना सुमारे ४,८०,००० सभासदांनी १७,७७० चित्रपटांना दिलेली दहा कोटींहून अधिक तारांकने पुरविण्यात आली. नावे वगळलेली होती. २००९ साली पारितोषिक दिले गेले, तथापि विजयी पद्धत तिच्या संपूर्ण स्वरूपात कधीच वापरात आली नाही. त्याआधीच, २००८ साली, टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन व विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवून दिले होते की, आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावर उघडपणे दिलेल्या मतांशी ही निनावी तारांकने ताडून पाहिल्यास काही सभासद ओळखता येतात. खाजगीपणाच्या प्रश्नावरून न्यायालयात दावा झाला आणि २०१० साली दुसरी स्पर्धा रद्द करण्यात आली. मुद्दा स्पर्धेच्या यशापयशाचा नाही. जे मत माणूस चारचौघांत आपण होऊन मांडतो ते, आणि जे तो बंद दाराआड नोंदवितो ते, या दोन निराळ्या उक्ती आहेत; त्यांना एका मापाने मोजले की दुसरीचा विश्वासभंग होतो.

एप्रिल २०१७ मध्ये तारे जाऊन वर किंवा खाली वळविलेला अंगठा आला. लोक माहितीपटांना भरघोस तारे देतात, पण प्रत्यक्षात हलकेफुलके चित्रपटच अधिक पाहतात, असा कंपनीचा अनुभव होता. हे निरीक्षण खरे असावे. परंतु त्यात दोष प्रेक्षकाचा नव्हे. 'चित्रपट चांगला आहे' आणि 'मला आज तो पाहावासा वाटतो' ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले दुसऱ्या माणसासाठी असते, दुसरे स्वतःपुरते. कंपनीला दुसरेच हवे होते. (मराठीत अंगठा दाखविणे म्हणजे साफ नाकारणे, आणि अंगठा उठविणे हे निरक्षराचे लक्षण, हा केवळ योगायोग म्हणावयाचा.) २०२२ साली 'फार आवडले' या अर्थी दोन अंगठ्यांचे चिन्ह जोडण्यात आले, टाकून दिलेली श्रेणी थोडी का होईना परत आणावी लागली.

लिखित परीक्षणे २०१८ पर्यंत टिकली. त्या वर्षी जुलैअखेर नवी परीक्षणे घेणे थांबविण्यात आले आणि ऑगस्टमध्ये जुनीही काढून टाकण्यात आली. त्यांचा वापर घटला आहे, हे कारण देण्यात आले. ते खोटे म्हणता येत नाही. मात्र ती परीक्षणे केवळ संकेतस्थळावर वाचता येत असत आणि प्रेक्षक तोवर दूरचित्रवाणी संचाकडे वळला होता. रिमोटने लिहिणे अवघड, अंगठा दाबणे सोपे. साधन बदलले म्हणून उक्ती आखूड झाली.

आणि आखूड उक्तीत काय मावत नाही? 'चित्रपट उत्तम, परंतु उपशीर्षके गचाळ' हे वाक्य घ्या. त्याचा पूर्वार्ध कलाकृतीविषयी आहे, उत्तरार्ध सेवेविषयी. अंगठा यांपैकी कशाचा? 'पहिले दोन भाग सोसा, मग मालिका रंगते' ही तर नव्या प्रेक्षकाला केलेली सूचनाच आहे. तिच्यातील 'परंतु' आणि 'मग' ही अव्यये काढली की तिचा प्राणच जातो. मूल्यनिर्णयाला उभयान्वयी अव्यये लागतात, आणि चिन्हांच्या भाषेत ती नसतात.

असे बोलणे विक्रेत्याच्या दुकानाबाहेर अधिक टिकलेले दिसते. आयएमडीबीचा उगम १९९० साली इंटरनेटवरील चित्रपटशौकिनांच्या गप्पांतून आणि त्यांनी जमविलेल्या याद्यांतून झाला. १९९८ साली ॲमेझॉनने ते विकत घेतले. ही कंपनी आता स्वतःच स्ट्रीमिंग सेवा चालविते. तेथील चर्चेची दालने फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद झाली, परीक्षणे मात्र राहिली. न्यूझीलंडमध्ये २०११ साली सुरू झालेल्या लेटरबॉक्स्डवर सभासद पाहिलेल्या चित्रपटांची नोंदवही ठेवतो. तारे तेथेही आहेत, अगदी अर्धा तारासुद्धा. परंतु त्या ताऱ्यांशेजारी देणाऱ्याचे नाव असते, त्याची आधीची मते वाचता येतात, आणि दुसरा सभासद त्याच्या परीक्षणाखाली उत्तर लिहू शकतो.