जीभ बोंब मारते, कान गप्प

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रविवारी फेऱ्या मारून झाल्या की अनेकांचे पाय आपसूक मिसळीकडे वळतात. कमावलेलं तिथल्या तिथे गमावण्याची ही नाशिकची रीत! तर्रीचा पहिला घास पोटात गेला की नाक वाहतं, कानशिलं तापतात, कपाळावर घाम फुटतो. प्रत्यक्षात तोंडात काहीच भाजलेलं नसतं.

साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता जाणवली की जिभेतल्या मज्जातंतूंवरचं एक सूक्ष्म दार उघडतं आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं हेच दार उघडतं. डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ते शोधून काढलं. स्पर्शाची दारं आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत 2010 मध्ये सापडली. ती दाबाने उघडतात. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून तांब्याभर पाणी पिऊनही आग तशीच राहते. दह्यातलं केसीन हे प्रथिन मात्र ते धुऊन नेतं. मिसळीसोबत दह्याची वाटी ठेवणाऱ्याला हे रसायन ठाऊक नसेल, पण त्याचं बरोबरच आहे.

वेदनेचे निरोप दोन वाटांनी जातात. अंगठ्याला ठेच लागली की आधी लख्ख कळ येते, मग मागून रेंगाळत ठणका. पहिली वाट सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाची, दुसरी जेमतेम एखाद-दोन मीटरची. ठेचेवर आपण चटकन हात चोळतो, तेव्हा स्पर्शाचे निरोप मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं.

ही कळ नकोशी वाटते खरी. पण कुष्ठरोगात ती नाहीशी होते तेव्हा काय होतं? मज्जातंतू बधिर होतात, चटका कळत नाही, जखम चिघळते आणि बोटं गमावली जातात. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं, ते अशाच रुग्णांसाठी.

आता कान. नाशिक ढोलाच्या पथकाजवळ उभं राहिलं की ठोका छातीतही जाणवतो, कारण त्वचा कंप टिपते. कानही जवळपास तेच करतो, फक्त फार नाजूकपणे. कानाचा पडदा हलतो, तीन हाडं हलतात (शेवटचं जेमतेम 3 मिलिमीटरचं), आतल्या शंखातला द्रव हलतो आणि केसपेशींवरचे सूक्ष्म तंतू वाकतात. वाकताना दारं ओढली जातात, उघडतात. अशा पेशी एका कानात पंधरा-सोळा हजार. त्वचा खरचटली तर भरून येते. या पेशी मेल्या की कायमच्या गेल्या. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही.

खरी मेख पुढेच आहे. 85 डेसिबलचा आवाज रोज आठ तास ऐकला तर श्रवणाला धोका सुरू होतो. दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. कान दुखू लागतो तो मात्र 120 ते 130 च्या आसपास! मिसळीला खोटी बोंब मारणारी वेदना इथे नुकसान होऊन गेलं तरी चूप बसते. मिरवणुकीनंतर रात्रभर कानात कुईं वाजत राहतं, तीच काय ती तक्रार.

त्यात दिवाळीचे फटाके. चार मीटरवर 125 डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजाच्या फटाक्याला कायद्याने बंदी आहे. पण वात पेटवणारं पोर चार मीटरवर थोडंच उभं असतं? कापसाच्या बोळ्याने फारसं भागत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग थोडक्या पैशांत मिळतात. या वर्षी फटाक्यांच्या यादीत तेवढे लिहा आणि पोरांच्या कानात आधी ते घाला.