पिशवी काढली, आता कशाला तपासणी?

नर्सबाई तपासणीला बोलावतात. एक आक्का म्हणतात, "पाळी जाऊन दहा वर्सं झाली. आता मला कशाला?" दुसऱ्या म्हणतात, "माझी तर पिशवीच काढलीया. तिथं रोग कुठला?"

दोघींचे बोलणे पुरते खरे नाही. का ते पाहू.

गर्भाची पिशवी पालथ्या तांब्यासारखी असते. तिचे तोंड खाली असते. या तोंडाला कॅन्सर होतो. एच.पी.व्ही. नावाचा विषाणू त्याला कारण. तो शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातो. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षे दडून राहतो आणि उतारवयात डोके काढतो. म्हणून पाळी गेली, तरी धोका जात नाही.

सरकारी दवाखान्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांची तपासणी दर ५ वर्षांनी करायची असते. तोंडाला सौम्य आम्ल लावतात. दोष असला तर तो भाग पांढरा दिसतो. पाळी गेल्यावर ही जागा आत सरकते, नीट दिसत नाही. तेव्हा विषाणूची तपासणी बरी. पूर्वीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या असतील, तर ६५ नंतर डॉक्टर ती थांबवतात.

तपासणीने जीव वाचतो का? वाचतो. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत काम सुरू केले. १ लाख ३१ हजार बायका त्यात होत्या. ज्या गावांत विषाणूची तपासणी एकदाच झाली, तिथे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००९ साली जगापुढे आले.

आता पिशवी काढलेल्यांचे. आपल्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या कितीतरी बायकांची पिशवी तरुणपणीच काढलेली असते. बीड जिल्ह्यातल्या अशा ऑपरेशनांची सरकारने २०१९ साली चौकशी केली. काय काढले, का काढले, हे पुष्कळ बायकांना ठाऊकच नसते. तेच विचारायचे.

पिशवी तोंडासकट काढली आणि कॅन्सरचा किंवा त्याच्या आधीचा दोष कधी नव्हता, तर तपासणी नको. तोंड ठेवले असेल, तर तपासणी हवी. असा दोष पूर्वी निघाला असेल, तरीही हवी.

आणि पाळी गेल्यावर किंवा पिशवी काढल्यावर रक्त दिसले, तर वय मोजत बसू नका. लाजू नका. लगेच दवाखाना गाठा.

आक्का, आता तुम्हांला वाचता येते. ट्रंकेतला ऑपरेशनचा कागद बाहेर काढा. इंग्रजीत असला, तर नर्सबाईंकडून वाचून घ्या.