होडीच्या इंजिनातील फ्लोट

जयपूर म्हटले की किल्ले आणि कोरडी हवा आठवते. होडी सहसा आठवत नाही. तथापि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती याच शहराजवळच्या रामगढ तलावात झाल्या. तो तलाव पुढे कोरडा पडला. त्याआधी, जुलै १९८१ मध्ये, अतिवृष्टीमुळे शहरात पूर आला होता. अशा प्रदेशात होडीचे इंजिन महिनोन्महिने पडून राहते; पूर आला म्हणजे मात्र ते त्याच क्षणी चालू व्हावे लागते. ते अडले, तर दोष पुष्कळदा कार्ब्युरेटरमध्ये असतो.

होडीच्या मागील फळीवर बाहेरून बसविलेल्या इंजिनास आउटबोर्ड इंजिन म्हणतात. त्यांपैकी कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनांत पेट्रोल प्रथम एका लहान वाटीत येते. वाटीत फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल चढले की फ्लोट वर उचलला जातो व टोकदार सुई दाबून वाट बंद करतो. पेट्रोल उतरले की वाट पुन्हा उघडते. घरच्या टाकीतील बॉलकॉकचे कार्यही असेच चालते. जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख याने १८९३ मध्ये अशा रचनेचा कार्ब्युरेटर तयार केला.

येथे आर्किमिडीजचा नियम लागू पडतो. १० ग्रॅम वजनाच्या वस्तूस तरंगण्यासाठी १० घन सेंटीमीटर पाणी बाजूस सारावे लागते. पेट्रोल हलके असल्याने ते मात्र सुमारे १३.५ घन सेंटीमीटर सारावे लागते. म्हणून पोकळ पितळी फ्लोटला बारीक चीर पडून आत थोडेसे पेट्रोल शिरले, तरी तो बुडू लागतो. मग वाट उघडीच राहते, पेट्रोल उतू जाते आणि स्पार्क प्लग भिजून इंजिन बंद पडते. याहून मोठा धोका निराळाच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते व एका ठिणगीने भडकते.

फ्लोट बदलण्याचे काम किनाऱ्यावर, मोकळ्या हवेत करावे. प्रथम स्पार्क प्लगची तार व पेट्रोलची नळी काढावी. वाटी उघडून बिजागरीची पिन सरकविली की फ्लोट व सुई हाती येतात. पोकळ फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत खळखळ ऐकू आली, तर तो निकामी झाला असे समजावे. सुईचे टोक झिजले असल्यास तीही बदलावी. नवा फ्लोट बसविल्यावर त्याची उंची इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे जुळवावी. उंची अधिक ठेवल्यास पेट्रोल उतू जाते. कमी ठेवल्यास इंजिनास ते अपुरे पडते. शेवटी नळी जोडून तिच्यावरील रबरी फुगा दाबावा. कोठेही गळती दिसली नाही, तरच इंजिन चालू करावे.

पडून राहिलेले पेट्रोल उडून जाते व मागे चिकट थर उरतो. त्यात सुई अडकून बसते. म्हणून पावसाळा संपताच वाटी रिकामी करून ठेवावी. पुढल्या पुराच्या वेळी हे अल्पसे श्रम उपयोगी पडतात.