‘ओके’चे किती अर्थ?

आज आपण एकच शब्द घेऊ. नाशिकच्या मेनरोडवर दुकानदारापासून गिऱ्हाईकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला: ‘ओके’.

याचा जन्म थट्टेतून झाला. १८३०च्या दशकात बोस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून आद्याक्षरं छापायची टूम होती. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे ‘सगळं बरोबर’. त्याचं वेडंवाकडं रूप करून ‘ओ. के.’ ही अक्षरं २३ मार्च १८३९ रोजी ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापली गेली. भाषा-अभ्यासक अॅलन वॉकर रीड यांनी १९६०च्या दशकात हा माग काढला.

आता आपल्याकडे बघा. ‘तब्येत ओके आहे’ म्हणजे चांगली. पण ‘पेपर कसा गेला?’ याला पोरगं ‘ओके’ म्हणालं, तर बेताचाच गेला समजायचं! ‘साहेबांनी फाईल ओके केली’ म्हणजे मंजूर केली. ‘ओके, निघतो’ म्हणजे बोलणं आवरतं घेतलं. आणि ‘ओकेऽऽ’ असं ताणलं, की समोरच्याला तुमचं पटलेलं नाही.

जून २०२२मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले आणि ‘ओकेमधी’ महाराष्ट्रभर झालं. आपण सगळे हसलो. पण त्यात मराठीची रीत आहे. ‘कसे आहात?’ याला आपण ‘मजेत’ म्हणतो ना? मजा अधिक ‘त’. तसंच ओके अधिक ‘मधी’. परका शब्द असा घरचा होतो.

मग अडचण कुठे? दवाखान्यात. डॉक्टर विचारतात, ‘उद्या ऑपरेशन करू, ओके?’ नातेवाईक म्हणतात, ‘ओके.’ डॉक्टरांना वाटतं, संमती मिळाली. नातेवाइकांना म्हणायचं असतं, ‘ऐकलं, घरी विचारून सांगतो.’ दोघंही खरं बोलतायत, तरी घोटाळा होतो. आपल्याकडे ‘ऐकलं’, ‘समजलं’, ‘पटलं’, ‘चालेल’ आणि ‘बघतो’ असे पाच वेगळे शब्द आहेत. त्या पाचांची जागा ‘ओके’ एकटा घेतो.

म्हणून ‘ओके’ टाका, असं आम्ही म्हणणार नाही. गप्पांत तो खुशाल वापरू. पण सही करताना, व्यवहार ठरवताना, आजारी माणसाविषयी बोलताना ‘ओके’ ऐकलं, तर एवढंच विचारू: ‘ओके म्हणजे समजलं, की चालेल?’