संगणकीय नोंदींची राखीव प्रत : घेणे आणि परत मिळविणे

रुग्णसेवेत डॉक्टरांचे कौशल्य आणि परिचारिकांची तत्परता यांच्याइतकेच महत्त्व नोंदींना आहे. रुग्णाला पूर्वी कोणते औषध सोसले नाही, सहा महिन्यांपूर्वी गाठीचा आकार किती होता, हे ज्या कागदावर लिहिले जात असे तो कागद आता बहुतेक ठिकाणी सर्व्हरमध्ये गेला आहे. धर्मादाय रुग्णालयाच्या सर्व्हरवर आणखी एक ठेव असते. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वळती करणे बंधनकारक असल्याने, गरीब रुग्णांस दिलेल्या सवलतीचा हिशेबही तेथेच असतो. आपल्या वाचकांपैकी अनेकांची औषधांची दुकाने, प्रयोगशाळा, सल्लागार कचेऱ्या वा लहान कारखाने आहेत. त्यांचीही स्थिती याहून वेगळी नाही. यास्तव या विषयाची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

दि. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सर्व्हरवर सायबर हल्ला झाल्याचे उघडकीस आले. रुग्णनोंदणी, दाखल करणे, तपासण्यांचे अहवाल ही कामे त्यानंतर कित्येक दिवस हातानेच करावी लागली. हल्ल्याची झळ न लागलेल्या एका राखीव सर्व्हरवरून सर्व माहिती परत मिळविण्यात आली, असे केंद्र सरकारने पुढे संसदेत सांगितले. एवढ्या मोठ्या संस्थेलाही अखेर राखीव प्रतीनेच तारले.

आधी दोन प्रश्न

कोणतेही उपकरण विकत घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. पहिला प्रश्न : किती वेळाचे काम वाया गेले तर चालेल? प्रत रोज रात्री एकदाच घेतली जात असेल, तर संध्याकाळी सर्व्हर बिघडल्यास दिवसभराच्या नोंदी पुन्हा भराव्या लागतील. दुसरा प्रश्न : किती वेळ काम बंद राहिले तर चालेल? हिशेबाची कचेरी एक दिवस थांबू शकते. रक्तपेढी थांबू शकत नाही. या दोन उत्तरांवरूनच प्रत किती वेळा घ्यायची आणि खर्च किती करायचा, हे ठरते.

कोणती प्रत खरी?

याबाबत काही गैरसमज सर्वत्र आढळतात. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड पद्धत एक डिस्क बिघडल्यास उपयोगी पडते. परंतु चुकून पुसलेली फाईल ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसते. इंटरनेटवरील ठेवीशी आपोआप जुळवून घेणाऱ्या फोल्डरचेही बहुधा तसेच होते. त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या भागात ठेवलेली प्रत सर्व्हरबरोबरच जाते.

जगभर मान्य झालेला साधा नियम असा : मूळ धरून तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. दुसऱ्या जागेचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. दि. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी तळमजल्यावरील सर्व्हर आणि त्याच खोलीतील कपाटात ठेवलेली हार्ड डिस्क ही दोन्ही एकाच पाण्यात जातात.

चौथी अट अलीकडची आहे : एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तोडलेली असावी. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या घातक प्रणालीने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर निकामी केले. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या संगणकावर प्रवेश आहे, ही माहिती सांभाळणारे तिचे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवीत असत. परंतु सर्व एकाच जाळ्यात असल्याने ते एकदमच पुसले गेले. वाचला तो घाना देशातील एकच, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती. भारनियमनाने असा लाभ आपल्यालाही होईल, या भरवशावर मात्र राहू नये. हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून कुलपात ठेवणे, हा त्याहून खात्रीचा मार्ग होय.

नित्यक्रम

लहान संस्थेस पुढील क्रम पुरेसा ठरतो. दर रविवारी संपूर्ण प्रत आणि इतर दिवशी रात्री केवळ बदललेल्या माहितीची प्रत घ्यावी. रोजच्या प्रती दोन आठवडे, साप्ताहिक दोन महिने आणि मासिक किमान एक वर्ष जपाव्यात. चूक अथवा संसर्ग कधीकधी फार उशिरा लक्षात येतो आणि तोवर ताज्या प्रतीही दूषित झालेल्या असतात. ज्या नोंदी कायद्याने अधिक काळ ठेवाव्या लागतात, त्यांची मुदत वेगळी लिहून ठेवावी.

चालू असलेल्या डेटाबेसच्या फाईली तशाच उचलून ठेवू नयेत. अर्धवट लिहिलेली नोंद त्यात येऊन प्रत निरुपयोगी होऊ शकते. डेटाबेसने स्वतःच पुरविलेली बॅकअपची सोय वापरावी.

इंटरनेटवर प्रत ठेवण्यापूर्वी वेगाचे गणित मांडावे. ५०० गिगाबाइट माहिती सेकंदाला २० मेगाबिटच्या जोडणीवरून आणावयास सुमारे ५६ तास लागतात. सर्वांत निकडीची प्रत जवळच असावी, ती यासाठी.

प्रत सांकेतिक रूपात ठेवावी, कारण हरवलेल्या डिस्कबरोबर रुग्णांची गुपितेही जातात. तिची किल्ली मात्र सर्व्हरवर ठेवू नये. मोहोरबंद पाकिटात दोन जबाबदार व्यक्तींकडे द्यावी. प्रती पुसण्याचा अधिकार रोजच्या वापराच्या पासवर्डला असू नये.

खरी परीक्षा

येथपर्यंतचे काम अनेक जण नेटाने करतात आणि येथेच थांबतात. जानेवारी २०१७ च्या अखेरीस गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. माहिती परत मिळविण्याचे अनेक उपाय योजलेले होते. प्रत्यक्षात नियमित प्रतींची जागा रिकामी निघाली. प्रत घेणारी प्रणाली बराच काळ अपयशी ठरत होती आणि तशा सूचना देणारी पत्रे कोणापर्यंत पोहोचतच नव्हती. योगायोगाने अन्य कामासाठी घेतलेली सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली. त्यानंतरचे काम गेले ते गेलेच.

आम्हीही याहून फारसे शहाणे नव्हतो. आमच्या रुग्णालयात दररोज सकाळी ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश येत असे व आम्ही निश्चिंत असू. एकदा सराव म्हणून वेगळ्या संगणकावर सर्व काही परत उभे करून पाहिले. नावे आली, देयके आली. क्ष-किरण विभागाची चित्रे आली नाहीत. जागा अपुरी पडल्याने ती नव्या डिस्कवर हलविली होती आणि बॅकअपच्या यादीत ती डिस्क घालावयाचे राहून गेले होते. संदेश खोटा नव्हता. जेवढे सांगितले होते तेवढे यशस्वी झाले होते. मूळ चित्रे शाबूत होती म्हणून कोणाही रुग्णास त्याची झळ लागली नाही. तथापि उपचार चालू असलेल्या रुग्णाची जुनी प्रतिमा आम्ही कोठून आणली असती, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते.

तेव्हापासून दर महिन्यास कोणतीही एक फाईल आणि दर तीन महिन्यांस संपूर्ण सर्व्हर वेगळ्या यंत्रावर परत आणून पाहिला जातो. किती वेळ लागला, काय आले नाही आणि काय दुरुस्त केले, हे नोंदवहीत लिहून त्याखाली स्वाक्षरी केली जाते. ही कृती नेहमीच्या तंत्रज्ञाने नव्हे, तर लेखी सूचना वाचून दुसऱ्याच व्यक्तीने करावयाची, असा दंडक आहे; कारण संकट तंत्रज्ञाची रजा पाहून येत नाही. सूचनांची प्रत, संबंधितांचे दूरध्वनी क्रमांक आणि हाताने भरावयाचे कोरे नमुने कागदावर छापून ठेवले आहेत.

राखीव प्रत ही आगीच्या बंबासारखी आहे. भिंतीवर टांगलेला बंब भरलेला आहे की नाही, हे आग लागण्यापूर्वी पाहावे लागते. या महिन्यात आपण आपल्या संगणकावरील एक तरी फाईल राखीव प्रतीतून परत मिळवून पाहावी, एवढीच विनंती.