हवा गेली म्हणजे पंक्चरच का?

तालुक्याचे गाव आमच्या गावापासून ९ किलोमीटर. एकदा मुलीला ताप भरला, म्हणून रात्री मी सायकलने औषध आणायला गेलो. परत येताना अर्ध्या वाटेवर मागच्या चाकातली हवा गेली. पंक्चर झाले असे समजून सायकल ढकलत घरी आलो. पोरगी तापाने फणफणली होती. औषध तासभर उशिरा पोचले.

सकाळी सायकलवाल्याने टायर खोललाच नाही. वॉल्व्ह उघडून त्याने बोटाच्या पेराएवढी रबरी नळी बदलली आणि म्हणाला, "गुरुजी, पंक्चर कुठंय?" हवेचा पंप रात्रभर माझ्या सायकलला लटकलेला होता!

या नळीला वालट्यूब म्हणतात. वॉल्व्हच्या आतल्या कांडीला एक बारीक भोक असते. त्यावर ही नळी घट्ट बसते. पंपाची हवा नळीला फुगवून आत जाते, पण नळी भोक दाबून धरते, म्हणून ती परत येत नाही. उन्हाने, जुनेपणाने रबर कुजते. मग हवा निसटते.

म्हणून आधी हवा भरा. वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला, तर वालट्यूब गेली. चकती फिरवून कांडी काढा. जुनी नळी सोला. कांडी ओली करून नवी नळी भोकाच्या खालपर्यंत चढवा. झाले काम. एक तुकडा नेहमी खिशात ठेवा. हल्ली काही सायकलींना मोटारीसारखा वॉल्व्ह असतो. त्यात ही नळी नसते.

बुडबुडा नाही आला, तर मात्र पंक्चर. टायरची एक कड पट्टीने रिमबाहेर काढा. पेचकस घालू नका, ट्यूबला दुसरे भोक पडेल. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवा. बुडबुडे येतील तिथे खूण करा. हवा सोडा, ट्यूब पुसा, ती जागा काचकागदाने घासा. सोल्युशन पातळ लावा आणि चार-पाच मिनिटे वाळू द्या. इथेच माणसे घाई करतात. ओल्यावर लावलेला तुकडा सुटतो. वाळल्यावर तुकडा ठेवून जोराने दाबा. ट्यूब परत घालण्याआधी टायरमध्ये आतून जपून बोट फिरवा. बाभळीचा काटा तिथेच बसलेला असतो. तो राहिला, तर सगळी मेहनत फुकट.

चेन पडली, तर ती आधी मागच्या दात्यांवर बसवा. मग पुढच्या दात्यांत अडकवून पायडल हळूहळू फिरवा. बोटे मधे घालू नका, काडी घ्या.

ब्रेकचे रबर रोज बघा. ते झिजून टायरला घासत असेल, तर टायर कापला जातो. आणि सायकल घेऊन उतारावर जायचे असेल, तर घरासमोरच दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरले, तर त्या दिवशी पायी जा.